तीनचाकी सायकल (पुढं दोन, मागं एक): वेल्डिंगआधी स्टिअरिंगची मापं तपासून हवी आहेत

चाकोरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बाबांसाठी पाठ टेकून चालवायची तीनचाकी सायकल करायला घेतली आहे. घर नागपुरात त्रिमूर्तीनगरला, मागच्या अंगणात टिनाचं छप्पर आहे, तिथंच काम चालतं.

बाबा ६८ वर्षांचे. नोकरीची सगळी वर्षं हिंगणा एमआयडीसीत सायकलनं गेले. दीड वर्षापूर्वी कानाच्या आतल्या भागाचं दुखणं झालं आणि तोल गेला. पायात जोर आहे, दम चांगला आहे, पण दोन चाकांवर बसले की जमीन फिरते म्हणतात. त्यांची जुनी सायकल ते अजून दर रविवारी पुसतात. मला ते बघवत नाही, म्हणून हे काम.

बाजारातल्या बहुतेक तीनचाकी सायकलींना पुढं एक चाक आणि मागं दोन असतात, बसायची जागाही उंच. बाबांना एकीवर बसवून पाहिलं. कोपऱ्यावर आतलं मागचं चाक उचललं आणि ते घाबरले. त्यामुळे दोन चाकं पुढं, एक मागं आणि सीट खाली, असं ठरवलं. पाठीमागचा सांगाडा जोडून झाला आहे. पुढची आडवी नळी आणि किंगपिनच्या (ज्या खिळ्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं त्याच्या) नळ्या अजून लावलेल्या नाहीत, कारण इथं चुकलं तर कापूनच काढावं लागेल.

आतापर्यंतची मापं:

सांगाडा दीड इंची १६ गेजच्या एमएस (माइल्ड स्टील) पाइपचा. तिन्ही चाकं २० × १.७५, म्हणजे ४७-४०६ मापाची. पुढच्या दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर ८०० मिमी, पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत १०५० मिमी. सीट जमिनीपासून ३५० मिमी. त्याहून खाली घेतली तर बाबांना उठताना गुडघे त्रास देतात. आसांच्या जागी विटा, वर पाट आणि विटांखाली वजनकाटे ठेवून बाबांना बसवलं, तेव्हा साधारण ६५ टक्के भार पुढं आला. बाबा आणि सायकल मिळून ९५ किलो धरलं आहे.

किंगपिनसाठी भंगारातल्या दोन लहान सायकलींच्या डोक्याच्या नळ्या कापून आणल्या, कप-कोन आणि छर्रे चांगले आहेत. चिमट्याची उभी दांडी किंगपिन होईल आणि तिच्यातून आडवा आस बाहेर काढून त्यावर चाक बसवीन.

आता शंका. पहिली, किंगपिन आतल्या बाजूला किती कलवायचा? दुसरी, मागं किती कलवायचा? तिसरी, स्टिअरिंगचे आर्म (किंगपिनपासून मागं निघणाऱ्या, चाक वळवणाऱ्या पट्ट्या) कोणत्या कोनात लावायचे? सगळीकडे वाचतो की आर्मची रेषा मागच्या चाकाच्या मध्याकडे जायला हवी. मी प्लायवूडच्या तुकड्यावर खिळे आणि पट्ट्या लावून नमुना केला, तर हिशेब जुळत नाही. आतलं चाक ३० अंश वळलं की बाहेरचं जवळजवळ २५ अंश वळतं. माझ्या मापांना ते २२ च्या आसपास वळायला हवं.

वेल्डिंगवाला येत्या शनिवारी येणार आहे. त्याआधी बोला.

लेथमास्तर

भाऊ, वजनकाट्यावर बसवून पाहिलं हे बेस केलं. लोक सांगाडा पूर्ण करून मंग वजन पाहतात.

तुमच्या तीन शंकांतल्या दोन वेल्ड झाल्यावर बदलता येत नाहीत आणि एक बदलता येते. आर्मचा कोन चुकला तर आर्म कापून दुसरा लावा, दोन तासांचं काम. टाय रॉड (दोन्ही आर्म जोडणारी दांडी) तर पान्यानं कमी-जास्त होते. पण किंगपिनची नळी आडव्या पाइपावर एकदा बसली, की तिचे दोन्ही कोन कायमचे. म्हणून सारी मेहनत तिथं घाला. तुम्ही आर्मवर जास्त डोकं लावून राहिले, असं मला वाटते.

आतल्या कलाचा नियम सोपा आहे. किंगपिनची मधली रेषा खाली वाढवत न्यायची, ती टायर जिथं जमिनीला टेकते त्या जागेच्या मध्यावर पडली पाहिजे. तेवढंच. चाकाचा मध्य आणि किंगपिनची रेषा यांच्यात आसाच्या उंचीवर किती अंतर आहे, ते सांगा. टायरची त्रिज्या भार असताना मोजा, रिकामी नाही.

चाकोरी

मास्तर, आत्ता मोजून आलो. हबची जाडी, एक वॉशर आणि नळी धरून आसाच्या उंचीवर ५५ मिमी येतं. टायरची त्रिज्या हिशेबानं २५० होते, पण बाबांच्या भाराखाली आसाचा मध्य जमिनीपासून २४५ वर राहतो.

कोनमापक

मग टॅन व्यस्त ५५ भागिले २४५, म्हणजे १२.७ अंश. किंगपिनचा माथा आत, पाय बाहेर. चाक सरळ उभं हवं असेल तर आस आणि किंगपिनचा वरचा भाग यांच्यातला कोन १०२ च्या थोडा वर ठेवा.

हे का करायचं, तेही लिहितो, कारण अनेक जण '१० अंश टाका, चालतं' असं सांगून मोकळे होतात. १० अंश ठेवले तर रेषा ४३ मिमीवर पडेल, म्हणजे टायरच्या मध्यापासून १२ मिमी आत. आता उजव्या चाकाचा ब्रेक डाव्यापेक्षा जरा जोरात लागला किंवा एकच चाक खड्ड्यात गेलं, की ते १२ मिमी तरफेसारखे वागतात. जमिनीचा मागे ओढणारा जोर चाकाला किंगपिनभोवती फिरवतो आणि हँडलला हिसका बसतो. रेषा बरोबर मध्यावर पडली की तरफच उरत नाही. गाडी तेव्हाही एका बाजूला थोडी ओढली जाईल, कारण ब्रेकचा जोर मध्यरेषेपासून ४०० मिमीवर आहे, पण हातात हिसका येणार नाही. ज्यांच्या हातापायाला सवय आहे, पण कानाचा भरवसा नाही, त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

मागचा कल १२ अंश घ्या. त्यानं किंगपिनची रेषा जमिनीला टायरच्या स्पर्शबिंदूच्या ५२ मिमी पुढं भेटते. चाक त्या बिंदूमागं खेचलं जातं आणि आपोआप सरळ राहतं. ८ अंशांवर चालवलेली गाडी मी पाहिली आहे. वेग वाढला की ती सारखी सांभाळावी लागते. १५ च्या वर गेलात तर वळताना हँडल जड होतं.

उन्हातली_सावली

आर्मबद्दल मी लिहिते. कॉलेजात असताना एसएईइंडिया या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या एफिसायकल स्पर्धेसाठी आमच्या चमूनं दोघांनी चालवायची तीनचाकी केली होती आणि स्टिअरिंग माझ्याकडे होतं. चाकोरी, तुमचा प्लायवूड खरं सांगतो आहे.

मागच्या चाकाच्या मध्याकडे आर्म रोखायचे, हा नियम अंदाजाचा आहे. हे सारं घोडागाडीपासून आलं. म्युनिकचे बग्गी बांधणारे गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी आख्खा आस फिरवण्याऐवजी दोन्ही चाकं आपापल्या खिळ्यावर वेगवेगळी फिरवायची जोडणी केली आणि १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये तिचं पेटंट त्यांच्या वतीनं रुडॉल्फ आकरमान यांनी घेतलं. नाव राहिलं ते पेटंट घेणाऱ्याचं. मूळ अपेक्षा एकच, की वळताना सगळ्या चाकांचे आस वाढवले तर ते एकाच बिंदूत भेटावेत, म्हणजे कोणतंही चाक आडवं घासणार नाही. मागच्या चाकाकडे रोखलेले आर्म ही त्या अपेक्षेजवळ जायची एक सोपी युक्ती. लांब आणि अरुंद गाडीला ती बरी चालते. आपल्या गाड्या रुंदीच्या मानानं आखूड असतात, तिथं ती कमी पडते.

तुमचीच मापं घेऊन हिशेब केला. किंगपिनमधलं अंतर आर्मच्या उंचीवर ६९० मिमी आणि आर्म ७५ मिमी धरला आहे. हवं ते असं: बाहेरच्या कोनाचा कोटँजंट वजा आतल्याचा कोटँजंट म्हणजे ८०० भागिले १०५०. आतलं चाक ३० अंश असेल तर बाहेरचं २१.९ येतं, २० असेल तर १५.९.

मागच्या चाकाकडे रोखलेला आर्म आत १८ अंश कललेला असतो. त्यानं ३० ला २४.७ मिळतात, २० ला १७.७. म्हणजे तुमच्या खिळ्यांनी दाखवलेलंच. आर्म २७ अंश कलवला तर ३० ला २२.३ आणि २० ला १६.६. इतकं जवळ आलं की पुरे. २७ अंशांवर दोन्ही आर्मच्या रेषा पुढच्या आसामागं साधारण ६८० मिमीवर भेटतात, म्हणजे मागच्या चाकाच्या बरंच अलीकडे. हा हिशेब वरून पाहिल्यासारखा सपाट आहे, किंगपिनचे कल त्यात धरलेले नाहीत. तरी जुळणीत मोठा फरक त्यानं पडणार नाही.

वर्धारोडकर

एक बाळबोध प्रश्न. दोन-अडीच अंशांनी इतकं काय बिघडतं? आपल्याकडच्या मालवाहू तीनचाकी रिक्षांना कुठं एवढी भूमिती असते?

उन्हातली_सावली

प्रश्न अगदी योग्य आहे. तीव्र वळणावर २-३ अंशांनी टायर थोडं घासतं, एवढंच. तुम्ही दिवसातून चार-दोन वेळाच तसं वळता, त्यामुळे टायर संपायला वर्षं लागतील. आमच्या गाडीला ही चूक होती आणि ती नीट धावली. आम्हाला दुसऱ्याच गोष्टीनं पाडलं. सरळ चालताना पुढची चाकं समांतर नव्हती. रिकाम्या गाडीवर ती आम्ही दोरीनं जुळवली होती, पण दोघं बसल्यावर आडवी नळी किंचित वाकायची आणि चाकांची पुढची टोकं बाहेर जायची. पहिल्याच दिवशी टायरवर रबराच्या बारीक वळ्या निघाल्या. आम्ही साखळीला दोष देत बसलो.

हिशेब करा. रिमवर पुढच्या आणि मागच्या अंतरात ४ मिमीचा फरक असला, तर प्रत्येक चाक पाव अंशाहून थोडं जास्त तिरकं झालं. त्याचा अर्थ, दर किलोमीटरमागे प्रत्येक चाक जवळजवळ ५ मीटर आडवं ओढलं जातं. सगळी मेहनत पायांची. वळणातली चूक कधीमधी त्रास देते, ही पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला देते.

म्हणून माप बाबांना बसवूनच घ्या.

(रिक्षांना मागं दोन चाकं आणि पुढं एकच वळणारं चाक असतं, त्यामुळे दोन चाकांचे कोन जुळवायचा प्रश्नच तिथं येत नाही.)

लेथमास्तर

सावलीताईंचं बरोबर आहे. टाय रॉडले एका टोकाले सरळ आटे आणि दुसऱ्या टोकाले उलटे आटे घ्या, दोन्हीकडे चेकनट. मंग रॉड न काढता मधूनच फिरवता येते. एम८ चे रॉड एंड (फिरत्या सांध्याची तयार टोकं) घ्या. दोन रुपये वाचवाले साधा बोल्ट अन् भोक नका करू. भोक मोठं होते अन् प्ले (ढिलेपणा) येते.

आता आसाबद्दल बोला. आस कशाचा लावून राहिले? सायकलीचा हब दोन्हीकडून धरलेला असते. तुमचा एकाच बाजूनं धरलेला राहील. तोच आस तसाच वापराल तर वाकेल.

चाकोरी

हबमध्ये १२ मिमीचा बेअरिंगवाला बुश बसवून घेणार होतो आणि आस साध्या एमएस रॉडचा. चालेल ना?

कोनमापक

आकडे मांडू. पुढचा भार ६२ किलो, म्हणजे दर चाकावर ३१, सुमारे ३०० न्यूटन. खड्ड्यात तिप्पट धरला तर ९१०. किंगपिनच्या कडेपासून (मधल्या रेषेपासून नव्हे) ४५ मिमीवर तो लागतो, म्हणजे ४१ न्यूटन-मीटर. १२ मिमीच्या आसात त्यानं साधारण २४० मेगापास्कल ताण येतो. एमएस २५० च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे उरलंच काही नाही. १० मिमीचा आस असता तर ताण ४२० च्या घरात गेला असता.

आणि वळणावरचा जोर आणखी वेगळा. सायकल कलते, म्हणून तिच्या चाकाला आडवा जोर फारसा लागत नाही. तीनचाकी कलत नाही. जोरात वळताना बाहेरच्या चाकावर पुढचा सगळा भार येतो आणि तळाशी ३०० न्यूटनच्या घरात आडवा जोर. तो २४५ मिमीच्या तरफेवर ७० च्या वर न्यूटन-मीटर देतो. याच कारणानं अशा गाड्यांना मोठी चाकं लावत नाहीत. २० इंची चाकाच्या तारा आखूड असतात, म्हणून ते आडव्या जोराला टिकतं. ३६ तारांची रिम मिळाली तर तीच घ्या.

आस ८.८ ग्रेडच्या १२ मिमी बोल्टचा करा. तो ६४० पर्यंत वाकत नाही. बोल्टचा बिनआट्यांचा भाग किंगपिनजवळ येऊ द्या. आटे तिथं आले तर चीर तिथूनच सुरू होते.

लेथमास्तर

हो. अन् बोल्टाले सरळ वेल्डिंग नका मारू, कडकपणा जाते. दांडीत भोक पाडून जाड बुश वेल्ड करा, गार झाल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) फिरवा, मंग बोल्ट आरपार घालून नट कसा. वाकला तर पाच मिनिटांत बदलता येईन. बुश मी लेथवर काढून देतो. लोहाओळीत पट्टी-पाइप घ्याले येता तेव्हा माप घेऊन या.

आरामखुर्ची

हँडलचा विषय कुणी काढला नाही. किंगपिनलाच दोन दांड्या लावल्या की सांधे कमी, खर्च कमी. पण हात थोडा हलला तरी गाडी हलते. माझ्या गाडीला तसंच आहे आणि मला आवडतं, पण वडीलधाऱ्या माणसाला देणार नाही. सीटखालून हँडल घ्या आणि एका दांडीनं एका आर्मला जोडा. हँडलकडचा आर्म ६० मिमी आणि चाकाकडचा ७५ ठेवला तर हँडल ३० अंश फिरवल्यावर चाक साधारण २४ अंश फिरेल. हात बाजूला खाली सैल सोडून बसता येतं. खांदे दुखत नाहीत.

मापं ज्याची त्यानं ठरवावीत. इंग्लंडचे माइक बरोज यांनी विंडचीता नावाची जी तीनचाकी केली तिला विमानासारखी मधली एक दांडी आहे. त्याच माणसाच्या आराखड्यावरून झालेल्या लोटस सायकलवर ख्रिस बोर्डमननं १९९२ मध्ये बार्सिलोनाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. म्हणजे माणूस कच्चा नव्हता, तरी त्याची दांडी बाबांच्या उपयोगाची नाही.

वर्धारोडकर

उलटण्याचं काय? वर कुणी तरी म्हणालं, गाडी कलत नाही म्हणून. मग कोपऱ्यावर उलटणार नाही का? विचारतो, कारण आईसाठी मीही असाच विचार करतो आहे.

कोनमापक

उलटू शकते. तीन चाकांमुळे गाडी बाहेरचं पुढचं चाक आणि मागचं चाक जोडणाऱ्या रेषेवरून उलटते, म्हणून सगळी रुंदी कामी येत नाही. जितका भार पुढं, तितकी जास्त रुंदी मिळते. इथं अर्धा ट्रॅक (पुढच्या चाकांतल्या अंतराचा निम्मा) ४०० मिमी, पुढचा भार ६५ टक्के, गुरुत्वमध्य अंदाजे ५५० मिमीवर. ४०० गुणिले ०.६५ भागिले ५५० म्हणजे ०.४७. गुरुत्वाच्या ०.४७ पट आडव्या जोराला आतलं चाक उचलेल. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर तो वेग ताशी २४ किमीच्या आसपास येतो, ५ मीटरच्या वळणावर १७. सीट १०० मिमी खाली घेतली असती तर हेच आकडे २७ आणि १९ झाले असते.

भार पुढं आणखी सरकवावा असं वाटेल, पण मग ब्रेक दाबल्यावर मागचं चाक उचलतं. आत्ता गुरुत्वमध्य पुढच्या आसामागं ३६७ मिमीवर आहे, ०.६७ पट मंदावण्यापर्यंत गाडी बसून राहील. ६५ टक्के हे दोन्हीकडून ठीक आहे, हलवू नका.

बाबांना एकच सांगा, वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. आणि मोकळ्या मैदानात एकदा आतलं चाक मुद्दाम उचलू द्या. तुम्ही शेजारून धरून ठेवा. ते कसं वाटतं हे एकदा शरीराला कळलं की रस्त्यावर घाबरायला होत नाही.

चाकोरी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारचं काम कसं झालं, ते सविस्तर लिहितो, कारण पुढं कुणाला उपयोग होईल.

आधी जमीन. अंगणाची फरशी पाण्याच्या निचऱ्यासाठी उताराची आहे, हे ट्यूबमध्ये पाणी भरून पाहिल्यावर कळलं. म्हणून जुन्या दाराची फळी पाचरी मारून समपातळीत आणली आणि तिच्यावर सगळं मांडलं. मध्यरेषा सुतळी ताणून खडूनं काढली. टायर जिथं टेकणार ते दोन बिंदू ४००-४०० मिमीवर खुणावले.

किंगपिनच्या नळीतून मी घरातली सरळ लोखंडी सळई आरपार घातली आणि तिचं टोक त्या खडूच्या खुणेकडे न्यायचं ठरवलं. प्रोट्रॅक्टरनं १२.७ अंश मोजत बसण्यापेक्षा हे जास्त पक्कं वाटलं. सळईचं टोक समोरून पाहिलं तर खुणेच्या रेषेत आणि बाजूनं पाहिलं तर खुणेच्या ५२ मिमी पुढं. दोन्ही कोन एकाच वेळी जुळले. आसाची उंची ओळंब्यानं तपासली. मग चार टाके (वेल्डिंगचे छोटे कच्चे ठिपके) मारले.

टाके मारल्यावर पुन्हा सळई घातली. डावी बाजू जागेवर. उजवीकडचं टोक ९ मिमी आत सरकलेलं. नळी तापून वेल्डच्या दिशेनं ओढली गेली होती, जवळजवळ २ अंश. वेल्डिंगवाले काका म्हणाले, असं होतंच. त्यांनी एक टाका घासून काढला, समोरच्या बाजूनं दुसरा मारला आणि गार व्हायला दहा मिनिटं दिली. तिसऱ्या खेपेला टोक खुणेच्या २ मिमीवर आलं. त्यानंतर पूर्ण वेल्ड मारताना त्यांनी एक इंच इकडे, एक इंच तिकडे, असं समोरासमोर मारत नेलं आणि सळई तशीच आत ठेवली. हे आधी वाचलं असतं तर अर्धा तास वाचला असता, म्हणून लिहितोय.

मास्तरांचे बुश रविवारी बसवले. आर्म २७ अंशांवर, पण आधी फक्त टाक्यावर ठेवलेत. सीटखालचं हँडल आरामखुर्चीच्या मापानं, ६० आणि ७५.

आरामखुर्ची

सळईची युक्ती झकास. ब्रेक कोणते लावलेत?

चाकोरी

दोन्ही पुढच्या चाकांना डिस्क. एकाच मुठीतून दोन केबल. दोन्ही सारख्या ताणल्या आहेत का, हे चाकं उचलून हातानं फिरवून पाहिलं. मागच्या चाकाला उभं करून ठेवण्यापुरता ब्रेक.

आता जे अडलं आहे ते. काल पहाटे साडेपाचला फुटाळा तलावाच्या रस्त्यावर नेली. दिवसा सध्या बाहेर पडवत नाही, ऊन ४४ च्या वर आहे. आधी मी चालवली. सरळ जाते, हात सोडले तरी जाते. ब्रेक दाबला, एक केबल सोडवून एकाच चाकाचा दाबून पाहिला, हातात हिसका आला नाही. पण पायडल मारताना गाडी जड वाटते आणि टायरमधून बारीक सूं असा आवाज येतो.

उन्हातली_सावली

बाबांना बसवून मोजलंत का?

चाकोरी

नाही. रिकाम्या गाडीवर चाकांची पुढची टोकं १ मिमी आत ठेवली होती. आज संध्याकाळी बसवून मोजतो.

चाकोरी

मोजलं. रिमवर आसाच्या उंचीला एक खूण केली, पुढं मोजलं, चाक अर्धा फेरा फिरवून तीच खूण मागं आणून पुन्हा मोजलं. बाबा बसलेले असताना चाकं पुढच्या बाजूला ४ मिमी बाहेर. तुम्ही सांगितलेला आकडा तंतोतंत.

लेथमास्तर

टाय रॉड मागं आहे ना? मंग ती लांब करा, पुढची टोकं आत येतील. तुमच्या ७५ च्या आर्मवर एक पूर्ण फेरा म्हणजे दोन्हीकडचे आटे मिळून अडीच मिमी, अन् रिमवर पंधराच्या आसपास. म्हणजे पाव फेऱ्याले जवळपास चार. तिसरा हिस्सा फिरवा, एक मिमी आत येईन. चेकनट आवळताना रॉड पान्यानं धरून ठेवा, नाही तर फिरते अन् मेहनत वाया जाते.

चाकोरी

मास्तर, तिसरा हिस्सा फिरवला, बाबा बसलेले असताना आता १ मिमी आत आहे. आर्मचे टाके पक्के करायला काकांना उद्या बोलावलं आहे.

आज पहाटे बाबांना घेऊन गेलो. कोनमापक म्हणाले तसं आधी मैदानात नेलं. मी डावीकडून धरलं आणि त्यांनी आतलं चाक दोनदा उचलून पाहिलं. तिसऱ्यांदा मला म्हणाले, सोड. तलावाच्या कडेनं एक फेरी मी सोबत धावलो. दुसऱ्या फेरीला मागं राहिलो. पावणेदोन वर्षांनी त्यांना पाठमोरं, पायडल मारत दूर जाताना पाहिलं.

आवाज गेला आहे. परत आल्यावर ते सीटवरून उठले नाहीत, उजव्या मुठीजवळ बोट ठेवून म्हणाले, इथं घंटी लाव.

वर्धारोडकर

आईची उंची पाच फूट आहे. सीट ३५० वरच ठेवायची म्हटलं, तर पायडलची नळी किती आखूड करावी लागेल? आणि मास्तर, दोन बुश माझ्यासाठीही काढाल का? रविवारी लोहाओळीत येतो.

लेथमास्तर

या. हब सोबत आणा, नुसतं माप नको.